सुट्टीत शिट्टी कोण वाजवणार?

कॅडेट, इयत्ता दहावी

दर सुट्टीनंतर आपल्या शाळेत एकच प्रकार घडतो. पहिल्या सोमवारी सकाळी सहाला फॉल-इन होते, पी.टी. उस्ताद रांगेवरून नजर फिरवतात आणि म्हणतात, "सब छुट्टी खाके आये हैं." मग मैदानाच्या चार फेऱ्यांऐवजी दोनच होतात आणि दुसऱ्या फेरीत अर्धी रांग तुटलेली असते. दोन-तीन आठवड्यांत गाडी रुळावर येते. टर्म संपेपर्यंत आपण पुन्हा चांगले धावू लागतो, आणि मग पुन्हा सुट्टी लागते. सहावीत आल्यापासून मी हे नऊ वेळा पाहिले आहे. सगळे हसतात आणि विसरून जातात. मला यात हसण्यासारखे काही वाटत नाही.

शरीराचा हिशेब सरळ आहे. धावणे बंद केले की दोन-तीन आठवड्यांत दम कमी होऊ लागतो. ताकद थोडी जास्त टिकते, पण तीही कायमची नसते. दिवाळीची सुट्टी जवळजवळ तेवढीच असते आणि उन्हाळ्याची त्याहून बरीच मोठी. म्हणजे पाच महिने कमावलेले आपण एका महिन्यात उधळतो आणि शाळेत परत आलो की पुन्हा त्याच कामाला लागतो.

मग वर्षभर जो फिटनेस दिसतो तो नक्की कुणाचा? घंटा होते म्हणून आपण उठतो, शिट्टी होते म्हणून धावतो, मेसमध्ये जे वाढले जाते ते खातो आणि लाइट्स आऊट झाले की झोपतो. यातली एकही गोष्ट आपण ठरवलेली नाही. माझे मत असे आहे की हा फिटनेस शाळेचा आहे. स्टोअरमधून पी.टी. ड्रेस मिळतो तसा तो आपल्याला वापरायला मिळतो, आणि शाळा सोडताना जमा करून जावे लागते.

कुणी म्हणेल, आपण पुढे एन.डी.ए.त जाणार, तिथेही शिट्टी आहेच. पण जरा मोजून पाहा. परीक्षा वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण चारशे जागा आणि अर्ज लाखांनी. आपल्यातले काही जण नक्की जातील, मलाही जायचे आहे. पण आपल्यातले बरेच जण इंजिनिअर, बँकेत, शेतीत, दुकानात, कुठेतरी असतील आणि तिथे सकाळी सहाला कुणीही त्यांना मैदानावर बोलावणार नाही. एन.डी.ए.च्या अधिसूचनेत उमेदवारांनी कशी तयारी ठेवावी याचा सल्ला कित्येक वर्षे छापून येत असे: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत धावणे, दोरीवरच्या उड्या, किमान २० पुश-अप आणि २० सिट-अप, ८ चिन-अप, ३ ते ४ मीटर दोर चढणे. हे आपल्यातले कितीतरी जण नववीतच करून दाखवतात. चाळिसाव्या वर्षी, नोकरी आणि संसार सांभाळून, यातले निम्मे तरी किती जणांना जमेल? मला ती परीक्षा जास्त कठीण वाटते.

माझे घर बीरगावला आहे. रायपूरहून बिलासपूरकडे जाणारा रस्ता धरला की शहर संपता संपता बीरगाव लागते. त्याला लागून उरला औद्योगिक क्षेत्र आणि पुढे सिलतरा. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, ट्रकच्या रांगा. आजोबा वर्धा जिल्ह्यातून कामाला म्हणून रायपूरला आले आणि इकडचेच झाले. छत्तीसगडात मराठी माणूस नवा नाही, नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे १८५४ पर्यंत होता आणि रायपुरात महाराष्ट्र मंडळ आहे. पण बीरगावच्या आमच्या गल्लीत मराठी घरे दोनच. घरात मराठी, दाराबाहेर छत्तीसगढी, त्यामुळे शाळेत माझ्या मराठीला सगळे हसतात ते हसतात.

सुट्टीत मला पाहायला मिळते ते असे. घराजवळ मोठे मैदान नाही. मुख्य रस्त्यावर धावायचे तर ट्रक आणि धूळ. रात्री गच्चीवर वाळत टाकलेला पांढरा शर्ट सकाळी पांढराच राहील याची खात्री नसते, गच्चीवर बोट फिरवले की ते काळे होते. धावताना माणूस एरवीपेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो, म्हणजे ही धूळही जास्त घेतो. थंडीत पहाटेची हवा जमिनीलगत अडकून राहते, धूर वर जात नाही. म्हणून 'पहाटे उठून धावा' हा शाळेतला सल्ला डिसेंबरात बीरगावला चालत नाही. तिथे ऊन पडल्यावर, अकरा-बाराला धावलेले बरे. मे महिन्यात बरोबर उलटे. पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा सात वाजायच्या आत आटोपावे लागते. हे मला कुठल्याही पी.टी.च्या तासाला कळले नाही, कारण आपले मैदान हिरवे आहे आणि चारी बाजूंनी झाडे आहेत. प्रत्येक कॅडेटच्या गावाचे असे काहीतरी वेगळे असणार. कुणाच्या घरी दोन खोल्या आणि सात माणसे असतील, कुणाकडे शेतीची कामे, कुणाकडे पाऊस चार महिने हलत नसेल.

बीरगावला मला सवय लावून घेण्याची रीत शिकवली ती बाबांनी, आणि त्यांना स्वतःला हे ठाऊकही नाही. बाबा एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहेत. तीन पाळ्या असतात: सकाळी सहा ते दोन, दोन ते दहा, रात्री दहा ते सहा. दर आठवड्याला पाळी बदलते. म्हणजे त्यांच्या आयुष्यात 'रोज सकाळी साडेपाचला' असे काही असूच शकत नाही. तरी ते बारा सूर्यनमस्कार आणि कमरेचे चार व्यायाम चुकवत नाहीत. पहिली पाळी असेल तर पहाटे साडेचारला, दुसरी असेल तर दुपारी बाराला, तिसरी असेल तर रात्री आठला. आधी व्यायाम, मग आंघोळ, मग डबा घेऊन पाळीवर. मी एकदा विचारले, "बाबा, रोज वेळ बदलते तर लक्षात कसे राहते?" ते म्हणाले, "आंघोळ करायची विसरतो का मी?"

या उत्तरावर मी बराच विचार केला. बाबांनी व्यायाम घड्याळाला बांधलेलाच नाही. तो त्यांनी अशा एका कामाला बांधला आहे जे कुठल्याही दिवशी होणारच. आपण शाळेत सगळे शिट्टीला बांधतो, आणि शिट्टी शाळेच्या फाटकाबाहेर येत नाही. खोटे कशाला सांगू, बाबांना थोडे पोट आहे. पण त्यांच्या वयाच्या शेजाऱ्यांना खालची बादली उचलताना कंबर धरावी लागते, आणि बाबा अजून क्रेनच्या उभ्या शिडीवर पाना घेऊन चढतात.

याला अभ्यासाचाही आधार आहे. आपल्यात सगळे सांगतात की २१ दिवस एखादी गोष्ट केली की सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक छोटी गोष्ट निवडली आणि ती रोजच्या एका ठरावीक प्रसंगाला जोडली, जसे की न्याहारीनंतर. ती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, कुणासाठी हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही. आपल्याकडे मात्र एक दिवस चुकला की 'आता सोमवारपासून' म्हणायची पद्धत आहे. मग तो सोमवार शाळा सुरू होण्याचाच असतो.

आणखी एक उदाहरण महाराष्ट्रातले, आणि ते राजाचे आहे. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८. तरुणपणी त्यांनी युजीन सँडोच्या पद्धतीने व्यायाम सुरू केला. ज्याच्या नावाने आपण सँडो बनियन म्हणतो तोच हा सँडो, त्या काळचा जगप्रसिद्ध बलवान माणूस. राजेसाहेबांनी सँडोची साधने घेतली, पुस्तके घेतली आणि कित्येक वर्षे ते केले. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि उतारवयापर्यंत तेच करत राहिले. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली, त्यातले एक इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला छापले गेले. तेव्हा ते सत्तरीला आले होते. ते चित्रकार होते, औंधला त्यांनी उभारलेले संग्रहालय अजून आहे. १९५१ साली ते वारले, ८२ वर्षांचे होऊन.

मला यात महत्त्वाचे वाटते ते त्यांचे वळणे. राजा होते, जगातले कुठलेही साधन मागवू शकत होते. तरी शेवटी टिकले ते साडेतीन हात जागेत, कशाशिवायही होणारे. आपल्यातले काही जण सुट्टी लागली की पहिल्या दिवशी घराजवळच्या जिमची तीन महिन्यांची फी भरायला निघतात. जिम वाईट नाही. पण सुट्टी सहा आठवड्यांची, फी तीन महिन्यांची आणि उत्साह दहा दिवसांचा. कुणाला सूर्यनमस्कार नको असतील तर बैठका, पुश-अप आणि दोरीच्या उड्या घ्याव्यात, माझे काही म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आपल्या वयाला रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. यात खेळणे आले, सायकल आली, आईने सांगितल्यावर तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या कळशा नेणेही आले.

आता जे लिहितो आहे ते थोडे जपून लिहितो. उस्ताद आणि सर हे वाचणार आहेत, आणि माझा हेतू तक्रारीचा नाही.

व्यायाम ही आपल्याकडे शिक्षाही आहे. बूट पॉलिश नाही, दहा फ्रंट रोल. प्रेपमध्ये बोललास, मैदानाला पाच फेऱ्या. सीनिअर रागावले, रगडा. शिस्तीला शिक्षा लागते हे मला मान्य आहे. पण सहा-सात वर्षे पुश-अप या शब्दाचा अर्थ 'मी काहीतरी चुकलो' असा शिकवला, तर सुट्टीत कोण स्वतःहून पुश-अप मारेल? आपण सगळे सुट्टीत फुटबॉल खेळतो, त्यासाठी कुणाला बोलवावे लागत नाही, कारण फुटबॉल ही शिक्षा म्हणून कधी कुणी दिली नाही. यावर सीनिअर नेहमी सांगतात की आम्हीही हे सोसले आणि कणखर झालो. झाले असतील. पण मी त्यांनाच विचारतो, शाळा सोडलेले आपले किती दादा आज रोज धावतात? जे धावतात त्यांना आवड होती म्हणून धावतात की रगड्यामुळे? मला वाटते शिक्षेसाठी दुसरी पुष्कळ कामे आहेत. मैदानाचा चुना मारणे, ग्रंथालयातली पुस्तके लावणे, हाऊसचे शू-रॅक साफ करणे. फ्रंट रोल जिम्नॅस्टिक्सच्या तासाला ठेवावा. तिथे तो छान वाटतो.

एक गोष्ट झोपेची. रात्री दहाला दिवे बंद आणि पहाटे पाचला घंटा, म्हणजे सात तास. आपल्या वयाला आठ ते दहा तास लागतात असे डॉक्टर सांगतात. म्हणून सुट्टीत पहिले आठ दिवस आपण नऊपर्यंत लोळतो आणि घरच्यांना वाटते की मुलगा आळशी झाला. तो आळशी नाही, तो उधारी फेडतो आहे. दुपारी अर्धा तास सक्तीची विश्रांती आहे, त्यात बडबड न करता खरेच झोपलो तर काही फरक पडेल. बाकीचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी बघावे.

आता जेवण. हा विषय आपल्या मेसमध्ये रोज निघतो, पण चवीपुरता.

मेसमध्ये किती आणि केव्हा खायचे हे ठरलेले असते. घरी गेलो की पहिले वाक्य ऐकू येते, "किती वाळलास रे!" माझी आजी हे प्रत्येक वेळी म्हणते, माझे वजन वाढलेले असले तरी. मग रव्याचे लाडू, मग चिवडा, मग 'तुझ्यासाठी ठेवले होते'. संध्याकाळी बाजारात गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, आणि थंड पेयाची बाटली. दोन आठवडे असे जातात आणि मग आरशात बघून एकदम दुसरे टोक. 'उद्यापासून भात बंद.' आमच्या छत्तीसगडाला धानाचा कटोरा म्हणतात, तिथे भात बंद करणे म्हणजे घरात वेगळी चूल मांडण्यासारखे आहे. पाच दिवस टिकते. मग आई कंटाळते, मुलगा कंटाळतो आणि सहाव्या दिवशी दुप्पट भात जातो.

दुसरे वेड डब्यांचे. अकरावी-बारावीतल्या काही जणांच्या कपाटात प्रोटीन पावडरचे डबे असतात. मी फक्त बेरीज मांडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या कोष्टकानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिने हवीत, १६ ते १८ वर्षांच्या मुलाला ५५. आता ताट बघा. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, पेलाभर दूध ८, दोन वाट्या घट्ट वरण १२ ते १४, सहा पोळ्या मिळून १८. पन्नाशी इथेच ओलांडली. अंडी न खाणाऱ्यांनी मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दही घ्यावे, किंवा फुटाणे, पन्नास ग्रॅममध्ये दहाच्या आसपास मिळतात. रोज दोन तास सराव करणाऱ्या खेळाडूला थोडे जास्त लागते, तेही याच ताटातून वाढवता येते. त्याच संस्थेने २०२४ साली नवी आहारसूत्रे काढली, एकूण १७. त्यात प्रोटीनच्या पूरक पावडरी टाळा असे स्पष्ट म्हटले आहे. डब्याच्या किमतीत महिनाभराची अंडी आणि शेंगदाणे येऊन वर पैसे उरतील. पालकांनी मुलाने मागितला म्हणून डबा पाठवण्याआधी ही बेरीज त्याच्याकडून करून घ्यावी.

टिकणारे जेवण कसे असते ते मला बीरगावला बासी पाहून समजले. आमच्याकडचे कारखान्यातले आणि शेतातले कामगार उन्हाळ्यात बासी खातात. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, चटणी, असेल तर दही आणि एखादी भाजी घेऊन खायचा. त्याच दिवशीचा भात निववून पाण्यात घातला तर त्याला बोरे म्हणतात. २०२२ च्या १ मेपासून, कामगार दिनाला बोरे-बासी खा असे आवाहन तेव्हाच्या राज्य सरकारने केले आणि मोठमोठ्या लोकांचे बासी खातानाचे फोटो आले. गल्लीतल्या काकांना त्याचे फार हसू आले. ते म्हणाले, "हमन तो रोजेच खाथन." आम्ही तर रोजच खातो.

बासीत काही जादू आहे असे मी म्हणणार नाही, तसे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो शेवटी भात आहे. पण इतक्या पिढ्या ती का टिकली ते बघण्यासारखे आहे. ती स्वस्त आहे. सकाळी चूल पेटवावी लागत नाही. कडक उन्हात पोटाला जड होत नाही आणि पाणीही पोटात जाते. उरलेला भात वाया जात नाही. घरातले सगळे तेच खातात, एकासाठी वेगळे करावे लागत नाही. कुठल्याही 'डाएट प्लॅन'ला हे पाच प्रश्न विचारून पाहा, बहुतेक प्लॅन दुसऱ्या प्रश्नालाच बाद होतील. मात्र एक अट आहे. ते काका ती बासी खाऊन आठ तास लोखंड ओढतात. मी तेवढीच खाऊन मोबाइल घेऊन पडलो तर मला तिचा अर्धाच भाग पुरे आहे, आणि सोबत वरण किंवा दही हवेच, कारण भातात प्रथिने कमी.

आमच्या घरात आजीने यातून स्वतःचा मार्ग काढला आहे. ती वर्ध्याकडची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. इकडे येऊन भात आला, पण आठवड्यातून तीनदा भाकरी ठेवलीच. सोबत इकडची लाल भाजी, चेच भाजी, मुनगा म्हणजे आपला शेवगा. तिने 'संतुलित आहार' हा शब्द कधी वापरला नसेल. लाडवांच्या बाबतीत मात्र तिला समजावणे माझ्या ताकदीबाहेरचे आहे. म्हणून आमचा तह झाला आहे: लाडू रोज एक, आणि तो जेवणानंतर, मधल्या वेळी नाही. आजीने तह मान्य केला, लाडवाचा आकार मात्र तिने स्वतःच ठरवला.

पालकांना मला एवढेच सांगायचे आहे. आम्ही घरी येतो तेव्हा तुम्हाला आमचे लाड करायचे असतात, ते करा. पण खाऊ घालणे हा लाड करण्याचा एकच मार्ग नाही. आमच्याबरोबर संध्याकाळी अर्धा तास चाला. माझ्या बाबांच्या कमरेच्या व्यायामात मी शेजारी उभा राहतो तेव्हा आम्ही जे बोलतो ते जेवताना बोलत नाही. आणि "इथे कशाला करतोस, शाळेत करतोसच की" असे म्हणू नका. शाळेत तर होतेच, प्रश्न घरचा आहे.

शाळेकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत, तिन्ही बिनखर्चाच्या. टर्मच्या शेवटच्या आठवड्यात पी.टी.चा एक तास मैदानाऐवजी वर्गात घ्यावा. प्रत्येक कॅडेटने अर्ध्या पानावर लिहावे: माझ्या घरी जागा किती, हवा कशी, दिवसातले कुठले काम कधीच चुकत नाही, आणि त्याला मी कुठला वीस मिनिटांचा व्यायाम बांधणार. उस्तादांनी ते वाचून दुरुस्त करावे. ज्या माणसाने आयुष्यभर वेगवेगळ्या छावण्यांमध्ये, वाळवंटात आणि बर्फात स्वतःला तयार ठेवले, त्याला हे आपल्यापेक्षा नक्की जास्त कळते, पण आपण त्याला कधी विचारतच नाही. दुसरे, मेसमधल्या एका फळ्यावर त्या दिवशीच्या पदार्थांतून काय मिळते ते लिहावे. फळा लिहायला दहावीचे विद्यार्थी तयार आहेत. तिसरे, आठवड्यातला एक दिवस बिनशिट्टीचा असावा. मैदान खुले, उस्ताद हजर, पण फॉल-इन नाही, हजेरी नाही. ज्याला यायचे त्याने यावे आणि स्वतःचे ठरवून करावे. पहिल्या रविवारी बहुधा दहा जण येतील. तेवढे पुरेत. बाकीचे का आले नाहीत हे टर्मच्या सुरुवातीलाच कळलेले बरे, सुट्टीनंतर कळण्यापेक्षा.

हाऊस मास्तर सरांना मी विचारले आहे. औपचारिक परवानगी मिळेपर्यंत रविवारी सकाळी साडेसहाला व्हॉलीबॉल कोर्टजवळ जमायला त्यांची हरकत नाही. आमच्या हाऊसचे सहा जण पक्के आहेत, दोन जण 'बघू' म्हणाले आहेत. दोरीच्या उड्यांसाठी दोऱ्या आहेत, एक जादा आहे. ज्याला यायचे त्याने पाण्याची बाटली आणावी. शिट्टी कुणी आणू नये.